आजारपणाच्या पैशात काय काय बसते?



आपल्या मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे रुग्णालय उभारले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि त्यांच्या अवतीभवती खाजगी इस्पितळे, लॅब आणि औषधांची दुकाने वाढत गेली. आज जत-आटपाडीपासून थेट अथणी-विजापूरपर्यंतचा माणूस ‘मिरजेला नेलंय’ एवढेच सांगतो आणि ऐकणाऱ्याला पुढचे सगळे कळते. त्यामुळे आपल्या भागात कोणाच्या घरी आजारपण आले की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एक ठरलेला प्रश्न येतो : “हे बसतं का?” म्हणजे मेडिक्लेममध्ये बसते का, शासनाच्या योजनेत बसते का, कंपनीकडून मिळते का. डॉक्टर काय म्हणाले, हे बऱ्याचदा त्यानंतर.

हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. काउंटरवर बसलेल्या माणसाने नियम पाहून सोडवावा असा. पण त्याच्या पोटात दोन जुने नैतिक प्रश्न दडलेले आहेत. आजारपणासाठी राखून ठेवलेला पैसा नेमका कोणाचा असतो? आणि आजारपण म्हणजे तरी काय? शरीरात जे बिघडले तेवढेच, की त्या बिघाडापायी घरात जे जे विस्कटते तेही?

रविवारच्या पत्रकात पैशाचे बोलणे कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु ख्रिस्तसभेला या विषयात पैशाचे वावडे कधीच नव्हते. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले होते की, जीव वाचवण्यासाठी साधारण उपाय करणे हे आपले कर्तव्य आहे. स्वतःवर किंवा इतरांवर असह्य भार टाकणारे उपाय केलेच पाहिजेत असे नाही. पुढे १९८० साली व्हॅटिकनने काढलेल्या निवेदनात कुटुंबावर आणि समाजावर अवाजवी खर्च लादू नये ही रुग्णाची इच्छासुद्धा विचारात घेण्याजोगी मानली आहे. म्हणजे खर्चाचा हिशेब हा नीतीच्या बाहेरचा विषय नाही. शेताचा तुकडा विकून आजोबांना आणखी आठ दिवस अतिदक्षता विभागात ठेवायचे का, हे विचारणारा मुलगा निर्दयी ठरत नाही.

असो. आपला आजचा प्रश्न त्याहून लहान, पण रोजचा आहे.

आपल्या काही कुटुंबांची मुले-मुली अमेरिकेत आहेत. त्यांच्या फोनवरच्या बोलण्यात हल्ली ‘एचएसए’ हा शब्द येतो. म्हणजे आरोग्य बचत खाते. ८ डिसेंबर २००३ रोजी सही झालेल्या एका कायद्याने ही खाती तिथे सुरू झाली. ज्याच्या विम्यात सुरुवातीचा मोठा खर्च स्वतःच सोसावा लागतो, त्याला असे खाते उघडता येते. दरवर्षी ठराविक मर्यादेपर्यंत त्यात पैसे टाकायचे; २०२५ साठी ही मर्यादा कुटुंबामागे ८,५५० डॉलर होती. टाकलेल्या रकमेवर केंद्राचा आयकर नाही, तिच्या वाढीवर नाही, आणि औषधोपचारासाठी काढली तर काढतानाही नाही. उरलेले पैसे पुढच्या वर्षी तसेच राहतात. मात्र औषधोपचाराव्यतिरिक्त कशासाठी ते वापरले, तर त्यावर आयकर आणि वर वीस टक्के दंड. वयाची पासष्ट वर्षे पूर्ण झाल्यावर दंड नाही, कर तेवढा राहतो.

आता औषधोपचार म्हणजे काय, हे ठरवायला यादी हवीच. अमेरिकन कर खात्याची ५०२ क्रमांकाची पुस्तिका त्यासाठी लोक उघडतात. ती वाचताना करमणूक होते आणि विचारही करावा लागतो. चष्मा बसतो, कवळी बसते, कुबड्या बसतात, अंध माणसाच्या वाटाड्या कुत्र्याचा खर्चसुद्धा बसतो. दात पांढरे करून घेणे बसत नाही. पोहण्याचा वर्ग बसत नाही, जरी डॉक्टरांनी पोहायला सांगितले असले तरी. अंत्यविधीचा खर्च बसत नाही. उपचारासाठी परगावी राहावे लागले तर मुक्कामाचे रात्रीला माणशी पन्नास डॉलरपर्यंत बसतात. आजारी लेकराबरोबर गेलेल्या आईचेही बसतात. त्या आईचे जेवण मात्र बसत नाही. आणि आई स्वतः उपचाराला गेली असताना घरी मुलांना सांभाळायला बाई ठेवली, तर तिचा पगार बसत नाही. पुस्तिकेने हे मुद्दाम स्पष्ट केले आहे.

साधी तापाची गोळी घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानातून घेतलेली अशी गोळी २०१० पर्यंत या खात्यात बसत होती. २०११ पासून ती चिठ्ठी असेल तरच बसू लागली. २०२० साली कोरोनाच्या काळात कायदा बदलला आणि ती पुन्हा चिठ्ठीविना बसू लागली. त्याच कायद्याने स्त्रियांच्या मासिक पाळीची साधनेही पहिल्यांदा यादीत आली. गोळी तीच, ताप तोच. यावरून एक गोष्ट लक्षात यावी : यादी ही आजाराची व्याख्या नसते. कोणाच्या थैलीतून किती जाऊ द्यायचे, याचा तो त्या त्या वेळचा करार असतो.

पण मग माणूस विचारतो, “पैसा माझा, खाते माझे, घाम माझा. त्यातून मी चष्मा घेईन नाही तर फ्रीज घेईन. सरकार कोण विचारणार?” प्रश्न चुकीचा नाही. उत्तर असे की, त्या खात्यात एक वाटा दुसऱ्यांचाही आहे. एरवी त्या रकमेवर जो कर गेला असता, तो सगळ्यांच्या रस्त्यांसाठी, शाळांसाठी गेला असता. बाकीच्यांनी तो सोडून दिला, एका अटीवर. अट मोडली तर सोडलेला वाटा परत मागण्याचा हक्क त्यांना राहतो. यात गंमत अशी की, खर्च करताना त्या खात्यात विचारणारे कोणी नसते. कार्ड फिरवले की पैसे जातात. पावती माणसाने स्वतः जपायची. कर खात्याने कधी विचारले तर दाखवायची. एकट्याने, कोणी पाहत नसताना, स्वतःच न्यायाधीश व्हायचे. आपल्याकडे प्रायश्चित्त संस्काराआधी जी सदसद्विवेकाची तपासणी करायला शिकवतात, तिची ही व्यवहारातली आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

या यादीतली एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या माणसाला चटका लावते. त्या खात्यातून नवरा-बायकोचा, मुलांचा आणि कायद्याने अवलंबून मानलेल्या नातलगांचा खर्च करता येतो. आई-वडील अवलंबून असू शकतात. पण त्यासाठी ते अमेरिकेचे नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांपैकी एका देशाचे रहिवासी असावे लागतात. म्हणजे सांगलीत राहणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या आईचे औषध त्यात बसत नाही. मुलगा स्वतः सुट्टीत इकडे येऊन दाताचे काम करून गेला तर ते बसते. कायदेशीर उपचार कोणत्या देशात झाला याला अडकाठी नाही. त्याच दवाखान्यात, त्याच खुर्चीवर, पुढच्या नंबरला आई बसली तर तिचे बसत नाही. सिंगापूरने १९८४ साली मेडिसेव्ह नावाची अशीच सक्तीची बचत सुरू केली, तिच्यातून आई-वडिलांच्या उपचाराला पैसे देता येतात. दोन्ही देश हुशार आहेत, दोन्हीकडचे हिशेबनीस चोख आहेत. तरी ‘घरचे माणूस कोण’ याचे उत्तर दोघांनी वेगवेगळे दिले.

आता आपल्या याद्यांकडे येऊ. आपल्याकडे मेडिक्लेम हा प्रकार १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणला. त्याचा गाभा आजही तोच आहे : माणूस इस्पितळात दाखल झाला पाहिजे, साधारणपणे चोवीस तास. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी अशा काही उपचारांना सूट आहे, आणि बाहेरच्या तपासणीचे थोडे पैसे देणाऱ्या पॉलिसीही आता निघाल्या आहेत. तरी सर्वसाधारण नियम खाटेचा. शिवाय बऱ्याच पॉलिसींच्या शेवटी ६८ बाबींची एक यादी जोडलेली असते, ती न मिळणाऱ्या वस्तूंची. आपली पॉलिसी कपाटात असेल तर एकदा काढून वाचा. थर्मामीटर नाही. हातमोजे नाहीत. मास्क नाही. चालण्यासाठीची काठी किंवा वॉकर नाही. कोणत्याही प्रकारचे डायपर नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली नाही, रुग्णाजवळ बसणाऱ्याचा आकार नाही, शवागाराचे भाडे नाही. अमेरिकेच्या यादीत कुबडी आहे, आपल्या यादीत नाही. मूत्रावर ताबा न राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचे डायपर तिथे आजारामुळे लागत असेल तर बसते, इथे नाही. पाय मोडलेल्या माणसाला कुबडीची गरज सांगलीत कमी आणि शिकागोत जास्त असते असे तर नाही ना?

शासनाच्या योजनेची यादी वेगळी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आपल्या सांगलीसह उरलेल्या महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. सुरुवातीला ९७१ उपचार आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये अशी तिची चौकट होती. २०२३ मध्ये राज्यातल्या सर्व कुटुंबांना ती लागू करण्याचा आणि मर्यादा पाच लाख करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी सीमाभागातील ८६५ गावांनाही तिचा लाभ देण्याचे महाराष्ट्राने ठरवले, आणि कर्नाटकाने त्यावर हरकत घेतली. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतले हृदयाचे ऑपरेशन या योजनेमुळे झाले आहे आणि त्यांची जमीन वाचली आहे. तिथल्या खिडकीवर बसणाऱ्याला ‘आरोग्यमित्र’ म्हणतात. नाव कोणी ठेवले माहीत नाही, पण चांगले ठेवले.

या योजनेच्या पॅकेजमध्ये एक बाब आहे ती मला फार बोलकी वाटते. खाटेचे, डॉक्टरांचे, भुलीचे, रक्ताचे, औषधांचे, तपासण्यांचे पैसे यांच्या जोडीला रुग्णाचे जेवण आणि घरी परत जाण्याचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे. एकदाच, आणि फक्त रुग्णाचे. ज्याने कोणी ही ओळ लिहिली, त्याने मिरज स्टँडवर रिकाम्या खिशाने उभा राहिलेला माणूस पाहिलेला असणार. त्याबद्दल त्याला धन्यवाद दिले पाहिजेत. पण त्या माणसाच्या शेजारी पिशवी घेऊन त्याची बायको उभी आहे. तिचे तिकीट या पॅकेजमध्ये नाही.

आता जो प्रश्न अनेकांनी अनेकदा विचारला आहे, आणि जो विचारताना आवाज खाली येतो, तो घेऊ. आईला चक्कर येते. डॉक्टर म्हणतात, मेंदूचा एमआरआय करू, रक्ताच्या चार तपासण्या करू. खर्च दहा-बारा हजार. बाहेरून केले तर विम्यातून छदाम मिळणार नाही. मग कोणीतरी सुचवते, “एक रात्र ॲडमिट दाखवा की. सगळं बसतंय.” हे पाप आहे का?

आधी हे समजून घेऊ की, नुसती एक रात्र दाखल होऊन भागत नाही. केवळ तपासणीसाठी झालेली भरती बहुतेक पॉलिसींमध्ये स्पष्टपणे वगळलेली असते. म्हणून कागदावर एखादा आजार लिहावा लागतो, उलट्या लिहाव्या लागतात, सलाइन लावावे लागते. एका खोट्याच्या मागे तीन खोटे येतात, आणि त्यावर डॉक्टरची, नर्सची आणि मुलाची सही होते. आईच्या नावावर तिला न झालेला आजार कायमचा नोंदला जातो. उद्या खरोखर काही झाले तर तोच कागद तिच्या आड येऊ शकतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षे सलग पॉलिसी चालवली की कंपनीला जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही. अपवाद एकच, सिद्ध झालेली फसवणूक. म्हणजे म्हातारपणीचे ते संरक्षण आपण दहा हजारांसाठी आपल्या हाताने धोक्यात घालतो.

पण धोका आहे म्हणून वाईट, हे नीतीचे उत्तर नव्हे. पकडले जाणार नाही अशी खात्री असती तर? येथे लोकांचा युक्तिवाद असा असतो : “दहा वर्षे हप्ता भरतोय, एक पैसा घेतला नाही. माझेच पैसे मी घेतोय.” या वाक्यात मोठी चूक आहे, आणि ती समजूत घालून दूर करण्याजोगी आहे. हप्ता म्हणजे ठेव नव्हे. भिशीत आपला नंबर येतोच, विम्यात तो येऊ नये अशी प्रार्थना करायची असते. आपण दहा वर्षांत भरलेले पैसे कधीच खर्च झाले आहेत, कोणाच्या तरी बायपासला, कोणाच्या तरी अपघाताला. त्या दहा वर्षांत आपल्या घरावर वेळ आली असती तर दुसऱ्यांचे पैसे आपल्यासाठी गेले असते. हे न दिसणारे शेजारी आहेत, एवढाच फरक. आणि खोट्या दाव्यांचा भार शेवटी कंपनीच्या मालकावर पडत नाही. पुढच्या वर्षी हप्ता वाढतो, आणि जो कसाबसा हप्ता भरत होता तो पॉलिसी सोडून देतो.

संत थॉमस अक्विनास यांचा दाखला कोणी देईल. तेराव्या शतकातल्या या महापंडिताने म्हटले आहे की, गरज उघड आणि निकडीची असेल, दुसरा मार्गच नसेल, तर माणसाने जगण्यापुरते दुसऱ्याच्या मालमत्तेतून घेतले तरी ती चोरी ठरत नाही. हा विचार खरा आहे आणि तो गरिबांचा आधार आहे. मात्र त्याच्या अटी कडक आहेत. ज्या घराला दहा हजार जड जातात पण देता येतात, त्या घराला तो लागू नाही. ज्याला खरोखर दुसरा मार्ग नाही त्याच्याकडे बहुधा मेडिक्लेमची पॉलिसीच नसते. म्हणून एक रात्रीच्या भरतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ते खोटे बोलून घेणे आहे, आणि त्याला दुसरे नाव देऊ नये.

तितकेच स्पष्टपणे हेही सांगायला हवे की, नियम असा आहे की तो प्रामाणिक माणसाला शिक्षा करतो. वेळेवर तपासणी करून घेणाऱ्याला काही नाही. दुखणे अंगावर काढून शेवटी खाटेवर पडणाऱ्याला लाखो. रक्तदाबाची गोळी वर्षभर घ्यायला पैसे नाहीत, पण गोळी न घेतल्याने झालेल्या पक्षाघाताला आहेत. अशा नियमाविरुद्ध बोलले पाहिजे, ग्राहक म्हणून आणि मतदार म्हणून. नियम वाकडा आहे म्हणून कागद वाकडा करायचा, हा मार्ग सोपा आहे. त्याने नियम मात्र तसाच राहतो.

देशाचा हिशेब पाहिला तर काही सुधारले आहे, हे मान्य करावे लागेल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. पण हा हिशेबही त्याच खर्चाचा, जो आरोग्यखर्च म्हणून मोजला जातो. जो मोजलाच जात नाही त्याचे काय?

मार्केट यार्डातला हळदीची पोती उचलणारा हमाल चार दिवस बायकोजवळ वॉर्डात बसला, तर चार दिवसांची मजुरी गेली. त्याची पावती कोण देणार? तासगावकडच्या द्राक्षबागेत छाटणीला जाणारी बाई सासूच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोन दिवस मिरजेला येते. डायलिसिस योजनेत बसते. तिचे दोन दिवस, दोन वेळचे भाडे, वडापाव, घरी शाळेतून आलेल्या पोराला शेजारणीने घातलेले जेवण, हे कोणत्याच यादीत नाही. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याची थोरवी अशी की, त्याने बुडालेली मजुरी हासुद्धा आजारपणाचाच खर्च मानला. विमा असलेल्या आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के मिळत आले आहेत, आणि अंत्यविधीसाठीही रक्कम मिळते. पण ती सोय कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्यांची. आणि तीही जो आजारी पडला त्याची. जी उशाशी बसली तिची नाही.

येशूने सांगितलेला दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आपण इतक्या वेळा ऐकला आहे की, त्यातला हिशेब आपल्या लक्षात येत नाही. एकदा बिल म्हणून तो वाचून पाहा. तेल आणि द्राक्षारस, म्हणजे औषध. पट्ट्या. स्वतःच्या जनावरावरून नेले, म्हणजे वाहतूक. उताराशाळेतला मुक्काम. रात्रभर स्वतः केलेली शुश्रूषा आणि त्यापायी रखडलेला प्रवास, म्हणजे बुडालेला दिवस. सकाळी दोन नाणी रोख, आणि वर जो काही खर्च होईल तो परत येताना देण्याचा शब्द. कमाल मर्यादा नाही आणि बाबींची यादीही नाही. अर्थात त्याने हे स्वतःच्या थैलीतून केले. तो एखाद्या निधीचा खजिनदार असता तर त्यालाही पावती मागावी लागली असती, आणि ती मागणे योग्यच झाले असते. चार जणांच्या पैशावर उदार होणे ही उदारता नव्हे.

म्हणून मला वाटते, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. निधी कोणताही असो, विम्याचा, शासनाचा, करमाफीच्या खात्यातला किंवा आपल्या देवळातला, त्याची यादी काटेकोर पाळावी, कारण त्यात दुसऱ्याचा वाटा आहे. आणि यादीत जे बसले नाही ते ‘आजारपण नाही’ असे समजू नये. ते यादीबाहेर उरलेले आजारपण आहे, आणि ते कोणीतरी उचलतच असते. बहुतेक वेळा घरातली बाई.

आपण स्वतःही अशाच याद्या मनात बाळगतो. चर्चच्या दारात कोणाच्या ऑपरेशनसाठी मदत मागितली की पाचशेच्या नोटा पडतात. त्याच माणसासाठी सहा महिन्यांनी मधुमेहाच्या गोळ्यांना पैसे हवेत म्हटले तर चेहरे बदलतात. ‘सारखेच मागतो’ असे म्हणतात. ऑपरेशन आपल्या यादीत बसते, गोळी बसत नाही. अगदी विमा कंपनीसारखेच. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली तेव्हा त्यांनी मदत हातात देण्याआधी गरिबाच्या घरी जाऊन बसण्याची पद्धत घातली. सोसायटीचे सभासद आजही घरभेटीला दोघे-दोघे जातात. काउंटरवर पावती दिसते. घरात गेल्यावर रिकामा डबा दिसतो, शाळेत न गेलेली मुलगी दिसते. वाचकांपैकी जे अशा भेटींना जातात त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

समजा, उद्या आपल्या धर्मग्रामाने आजारपणासाठी एक लहानसा निधी काढला, घरटी महिना शंभर रुपये. त्याची यादी कशी करावी? माझी सूचना अशी की, विमा आणि योजना जे देतात ते त्यातून देऊच नये. ऑपरेशनला हात लावू नये. सोबतच्या माणसाचे एस.टी.चे तिकीट, डबा, काठी, डायपर, चष्मा, आणि रोजंदारीवर असलेल्याची दोन दिवसांची मजुरी, एवढेच द्यावे. मजुरीला पावती मिळणार नाही. तिथे शेजारच्या एका घराचा शब्द पुरावा मानावा. कोणी फसवेल का? एखादा फसवेल. त्या वेळी निधी शंभर-दोनशे रुपयांनी हलका होईल आणि खजिनदाराचा ताप वाढेल. लगेच नियम कडक करा असे म्हणणारेही निघतील. ही चर्चा धर्मग्राम समितीत व्हावी, आणि तिला बायकांनी यावे, कारण यादीबाहेरचा खर्च त्यांना तोंडपाठ असतो.

आणि तो अमेरिकेतला मुलगा? अशा एका घरात आईने त्याला फोनवर विचारले होते, “तुझ्या त्या दवाखान्याच्या कार्डावर माझं औषध येतंय का रे?” त्याने नाही म्हणून सांगितले. तिला ते पटले नाही. स्वतःच्या पैशाने आईचे औषध घेता येत नाही हा कसला कायदा, असे ती अजून म्हणते. तो आता पगारातून, रीतसर कर भरून उरलेल्यातून, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे पाठवतो. गोळ्या आणायला मेडिकलमध्ये जाते ती शेजारची मुलगी. तिला रिक्षाचे पैसे दिले तर ती घेत नाही.